सर्व्हर रूममधल्या कुसुमताई शेलार

आमच्या कंपनीत दर दोन-तीन महिन्यांनी एक कीबोर्ड मरायचा, आणि त्याला मारणारी व्यक्ती नेहमी एकच असायची. खरेदी बघणारे जोगळेकर नवा कीबोर्ड घेऊन सर्व्हर रूमच्या दारात यायचे आणि तिथूनच विचारायचे, "शेलारबाई, आपण टाइप करता की कांडण करता?"

कुसुमताई खोक्याची चिकटपट्टी दातांनी फाडत म्हणायच्या, "तुमच्यापुढं ठेवला तर वीस वर्षं टिकंल, जोगळेकर. त्याला कुणी हातच लावणार न्हाय."

जोगळेकर पावतीवर सही घेऊन निघून जायचे. एरवी पुण्यातल्या कुठल्याही माणसाला शेवटचा शब्द आपलाच असावा असं वाटतं, पण कुसुमताईंपुढे आमच्याकडे तो आग्रह कोणी धरत नसे.

शतक बदलायला दोन-एक वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. एरंडवण्यातल्या एका बंगल्यात आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. पन्नास-साठ माणसं, तीन मजले, आवारात स्कूटरींची गर्दी. परदेशातल्या विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे होते, ते चार करून द्यायचे, हे आमचं मुख्य काम. अशा कंपन्या तेव्हा गल्लोगल्ली निघत होत्या, आणि माझ्यासारख्या नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या मुलींच्या आया शेजारणींना "आमची कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून थांबत होत्या. आत आम्ही काय करतो हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि खरं म्हणजे आम्हालाही. मी प्रोग्रॅमर व्हायला गेले होते. तिथे जागा नव्हती, म्हणून मालक दीक्षित साहेबांनी मला सर्व्हर रूममध्ये कुसुमताईंच्या हाताखाली पाठवलं. "शिका थोडे दिवस," ते म्हणाले. पाठवताना त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं, याचा अर्थ मला नंतर कळला.

बंगल्याची पूर्वीची कोठीची खोली म्हणजे आमची सर्व्हर रूम. खिडक्या बुजवलेल्या, एसीची घरघर, लोखंडी कपाटात दोन सर्व्हर आणि भिंतीला लावून बॅकअपच्या टेपांची मांडणी. खुर्ची होती, पण कुसुमताई तिच्यावर क्वचित बसत. उभ्यानं काम करत. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात कीबोर्डवर. कबड्डीत चढाई करणारी खेळाडू पहिल्या पावलापूर्वी उभी राहते, तशा. वय चौतिशीचं, रुंद खांदे, सलवार-कमीजच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि पायात पांढरे बूट. डाव्या कानाची पाळी मधोमध चिरलेली होती. कुठल्याशा सामन्यात समोरच्या पोरीचं बोट कानातल्यात अडकलं होतं. "डाव वाचला, कान गेला," एवढंच त्या सांगत.

मूळच्या त्या हडपसरजवळच्या मांजरी गावच्या. वडिलांचं उसाचं रान. त्यांनीच हिला कबड्डीला घातली. खेळाच्या जोरावर एका सहकारी बँकेत नोकरी लागली, बँकेच्या संघासाठी. पुढे बँकेत कॉम्प्युटर आले. ते ठेवलेल्या काचेच्या खोलीत जायला कारकून घाबरत होते, ही गेली. "गार वारा होता आत, म्हणून गेले," त्या म्हणायच्या. पण गार वाऱ्यासाठी गेलेलं माणूस डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी मॅन्युअलची पानंच्या पानं वाचत नाही. त्यांनी वाचली. इंग्रजी बोलायला शेवटपर्यंत आलं नाही, पण आमच्याकडच्या इंजिनियर पोरांनी न वाचलेली पुस्तकं त्यांच्या टेबलावर फाटेपर्यंत वापरलेली असत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जुन्या फाइली पुसायला सांगितल्या. मी कमांड टाइप केली आणि एंटरकडे बोट नेलं, तोच माझं मनगट पकडलं गेलं. पकडलं म्हणजे चेंगरलं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"कुठल्या डिरेक्टरीत उभी हायेस?"

मी पडद्याकडे पाहिलं. चुकीच्या जागी होते. एंटर मारलं असतं तर एका क्लायंटचं चार महिन्यांचं काम गेलं असतं.

"दुखतंय का?"

"हो."

"दुखू दे. हाताला कळायला पायजे. डोक्याला सांगून उपेग नसतो."

मनगटावर पाच बोटांचे पाच वळ आठवडाभर होते. आईला सांगितलं, बसच्या दारात हात अडकला. घरी खरं सांगितलं असतं तर वडिलांनी नोकरी सोडायला लावली असती, आणि रागात असूनही मला ती सोडायची नव्हती.

त्यांचा एक नियम होता. काही पुसायचं, बदलायचं, बंद करायचं असेल तर आधी एक पूर्ण श्वास घ्यायचा. "दुसऱ्याच्या अंगणात शिरतीयेस तू. दम धर, चहूकडं बघ, मग मार एंटर. एकदा मारल्यावर कुणी मागं घेत न्हाय." मी "बॅकअप घेतला" असं म्हटलं की त्या म्हणायच्या, "घेतलास म्हंजे काय केलंस? परत आणून दाव." दर शुक्रवारी दुपारी सरावाच्या मशीनवरचं काहीतरी त्या स्वतः पुसायच्या आणि मनगटावरचं घड्याळ बघत माझ्या मागे उभ्या राहायच्या. एकदा मी टेपचा क्रम चुकवला. त्यांनी हातातलं जाड मॅन्युअल फेकलं. कोपरा माझ्या भुवईवर लागला, रक्त आलं. त्यांनी पट्टी आणून चिकटवली, मॅन्युअल उचललं, पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "रक्त पुस आणि वाच."

हे मी आता मित्रमंडळींत सांगते तेव्हा लोक हसतात. तेव्हा मी हसत नव्हते. दोनदा राजीनाम्याचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. असं शिकवायचं नसतं हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं, आणि माझ्या हाताखालच्या कुणालाही मी बोट लावलेलं नाही. पण आठ महिन्यांत कोरा सर्व्हर उभा करून त्यावर सगळं परत आणायला मला येऊ लागलं. मोठाल्या पदव्या घेतलेली मुलं दारात येऊन विचारू लागली, "अनघा, जरा बघतेस का?" मला काहीतरी विचारायला कोणी येतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आमच्याकडे एक टीम लीडर होता. नाव सांगत नाही. परदेशी क्लायंटशी तोच बोलायचा, त्यामुळे त्याला सगळं माफ होतं. मुलींच्या खुर्चीमागे उभा राहून समजावून सांगायचा. हात आधी खुर्चीच्या पाठीवर असायचा, मग मुलीच्या पाठीवर. एका मुलीनं वर तक्रार केली. तिला सांगण्यात आलं, "तो जरा मोकळ्या स्वभावाचा आहे." ती जिन्यात बसून रडत होती तेव्हा कुसुमताई तिच्याजवळून गेल्या. काय झालं ते उभ्याउभ्याच विचारलं आणि पुढे गेल्या.

दुपारी तो व्हरांड्यातून कॉफीचा मग घेऊन चालला होता. कुसुमताई समोरून येत होत्या. बाजूला झाल्यासारख्या झाल्या, वाकल्या आणि त्याचा घोटा ओढला. माणूस आडवा मोझेकवर आपटला. हातातला मग फुटला, पुढचा दात अर्धा तुटून लांब गेला. कुसुमताईंनी घोटा सोडला नव्हता. "आता सांग," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "कुणाला मागं उभं राहून शिकवायचंय?"

त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तो "सोडा, मॅडम, सोडा" म्हणत होता. आम्ही सगळ्या मुली दारादारांत उभ्या होतो. कोणी पुढे झालं नाही.

दीक्षित साहेबांनी लेखी माफी मागायला सांगितली. कुसुमताईंनी कंपनीच्या कागदावर मराठीत लिहिलं, "पाय धरल्याबद्दल दिलगीर आहे. सोडल्याबद्दल त्याहून जास्त." साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. टीम लीडर महिन्याभरात दुसरीकडे गेला.

त्या दिवसानंतर आम्ही मुली त्यांच्यावर जीव टाकायला लागलो. पण तोच हात कुणावरही पडू शकतो, हे आम्ही सोयीनं विसरलो होतो.

महादूमामा आमचे शिपाई. भोरकडचे, साठीला आलेले, डोक्याला टोपी, आवाज कधी ऐकू येणार नाही असा. विजेचं बिल वाढलं म्हणून जोगळेकरांनी त्यांना सांगितलं होतं, रविवारी सगळे एसी बंद करत जा. त्यांनी एका रविवारी इमानदारीत बंगल्याचे सगळे मोठे खटके खाली ओढले, त्यात सर्व्हरचाही. सोमवारी एक डिस्क उठलीच नाही. दोन दिवस काम ठप्प झालं. कुसुमताई खोलीतून बाहेर आल्या, महादूमामा टेबल पुसत होते, आणि सगळ्यांसमोर त्यांनी मामांच्या कानाखाली मारली. चष्मा उडाला. एका काचेला तडा गेला. मामा खाली बसून हातांनी चाचपडत चष्मा शोधू लागले, कारण त्याशिवाय त्यांना दिसत नव्हतं.

व्हरांड्यात त्या माणसाचा दात पडला होता तेव्हाची शांतता वेगळी होती. ही शांतता मला सहन झाली नाही.

चार दिवसांनी कुसुमताईंनी माझ्या हाती नवा चष्मा पाठवला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. मामांनी तो हातात घेतला, उघडमीट केली आणि मला परत दिला. "ताईस्नी सांगा, दिसतंय मला." तडा गेलेल्या काचेनंच ते वावरत राहिले. कुसुमताईंचा चहा त्या दिवसापासून सर्व्हर रूमच्या उंबऱ्यावर येऊ लागला. मामा आत पाऊल टाकत नसत. कुसुमताई उठून तो उचलत.

मी एकदा धीर करून म्हटलं, "तुम्ही माफी का नाही मागत?"

"मागितली तर त्याला 'असू द्या' म्हणावं लागंल," त्या म्हणाल्या. "ते त्यानं कशापायी म्हणायचं?"

याच सुमारास मांजरीला जमिनीचे भाव वर जायला लागले. पूर्वेकडे कंपन्या येणार, त्यांच्या लोकांना राहायला घरं लागणार, म्हणून बिल्डर उसाच्या रानांतून हिंडत होते. कुसुमताईंचे वडील जाऊन काही वर्षं झाली होती. जमिनीच्या उताऱ्यावर दोन भाऊ, आई आणि कुसुमताई अशी चार नावं. थोरला दत्ता, धाकटा संपत. जमीन विकायची तर बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, आपला वाटा भावांच्या नावे सोडायचा, अशी गावची रीत. सही झाली की बहिणीला साडी नेसवतात आणि गोडधोड जेवू घालतात.

"मी साडी नेसते कवा?" कुसुमताई म्हणाल्या आणि सही केली नाही.

मी विचारलं, एवढं अडून का बसलात. हडपसरला एका खोलीत एकटी राहणारी बाई, पगार बरा, खर्च कमी. त्या टेप कपाटात लावत होत्या. थांबल्या नाहीत. "उसाला पाणी मी बी धरलंय. बा गेला तवा खांदा मी दिलाय, संपत पिऊन पडला हुता. आन् आता म्हणत्यात, तू हायेस कोण? कागदावर हाय मी. पुसायचं आसंल तर मला इचारून पुसायचं."

एके दिवशी त्यांची आई कंपनीत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, रिक्षानं आलेली. दत्तानं बाहेरच्या बाहेर सोडलं होतं. कुसुमताई स्वागताच्या खोलीत गेल्या तशी म्हातारी उठली आणि तिनं मुलीच्या तोंडात मारली. "भावांच्या पोटावर पाय देतीस, कुसे?" दुसरी मारली. तिसरी मारली. कुसुमताईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि एका हातानं दुसरा धरून ठेवला होता. मी मागे उभी होते, मला ते हात दिसत होते. बोटं पांढरी पडली होती.

"आये, बस. पाणी पी."

"तुझ्या हातचं?" म्हातारी म्हणाली आणि निघून गेली.

कुसुमताई सर्व्हर रूममध्ये आल्या, दार लावलं आणि लोखंडी कपाटावर मूठ मारली. पत्र्याला पोचा पडला. हात फुटला. मी पट्टी बांधत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी चारच्या सुमारास, आम्ही दोघी नव्या टेपांचं खोकं घेऊन दुकानातून परत येत होतो. खोकं माझ्या हातात होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची गाडी असायची. तिच्या पलीकडे एक जीप उभी होती. जीपमधून दत्ता उतरला. त्याच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. मागून संपत लोखंडी नळी घेऊन आला.

"सही कर, कुसे," दत्ता म्हणाला. तो घाबरलेला होता असं मला अजूनही वाटतं.

"कोयता कशाला आणलास, दादा?" कुसुमताई म्हणाल्या. "ऊस तर तू विकायला काढलास."

त्यानं कोयता उगारला. मी त्याच्या बाजूला होते, दोघांच्या मधे म्हटलं तरी चालेल. मला हलता आलं नाही. कुसुमताईंनी माझ्या छातीवर तळवा मारून मला मागे ढकललं. मी इस्त्रीच्या गाडीच्या चाकाशी पडले, आणि माझ्या डोक्याच्या जागेवर त्यांचा डावा हात होता. कोयता हातावर आला. लाकडावर पडल्यासारखा आवाज झाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रस्त्यावर पडलं.

त्या ओरडल्या नाहीत. सरळ खाली वाकल्या, उजव्या हातानं दत्ताचा पाय खेचला आणि तो पडता पडता त्याच्या गुडघ्यावर आपल्या अंगाचा सगळा भार टाकला. गुडघा मोडल्याचं मी ऐकलं. कोयता सुटून घरंगळत माझ्यापासून दोन हातांवर आला. मी तो उचलला नाही, लांबही सरकवला नाही. संपतनं नळीचे दोन घाव कुसुमताईंच्या पाठीत घातले, मग त्याला भावाचा वाकडा झालेला पाय दिसला आणि तो पळाला.

इथे संपायला हवं होतं. संपलं नाही. त्या दत्ताच्या छातीवर बसल्या आणि उजव्या मुठीनं त्याच्या तोंडावर मारू लागल्या. तो हात वर करून म्हणत होता, "कुसे, बास... डोळा... कुसे, डोळा." त्या थांबल्या नाहीत. मी मोजलं. का मोजलं ते माहीत नाही. अकरा. अकराव्यानंतर इस्त्रीवाल्यानं आणि एका दूधवाल्यानं त्यांना ओढून बाजूला केलं.

खोकं फुटून टेपा रस्त्यावर पसरल्या होत्या. कुसुमताईंनी ओढणी हाताला गुंडाळली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टेपा उचल. ऊन लागंल."

बोटं परत जोडता आली नाहीत. दत्ताचा उजवा डोळा गेला आणि गुडघा कायमचा ताठरला. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या.

दुसऱ्या दिवशी दीक्षित साहेबांनी मला बोलावलं. चहा मागवला. "अनघा, खोटं काही लिहा असं मी कधीच सांगणार नाही. आपण फक्त पाहिलं तेवढं लिहायचं. दत्ता शेलार खाली पडल्यावर, त्याच्या हातात काही नसताना, बाई मारत होत्या की नाही?"

"होत्या."

"किती वेळा?"

"अकरा."

"मग तेवढं लिहा." चहाचा कप माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात क्लायंट येताहेत. सर्व्हर रूम कुणीतरी सांभाळायला हवी. तुम्हाला जमेल, असं बाईच म्हणायच्या."

संध्याकाळी वडिलांनी समोर बसवलं. "कोयत्याचा घाव तुझ्यावर येत होता हे कुठे लिहू नकोस. मग तू नुसती साक्षीदार राहत नाहीस, त्यात गुंततेस. वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालायला लागतील. तुझं लग्न व्हायचंय."

मी एक पानभर लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पोलिसांनाही मी तेवढंच सांगितलं. आधी कोयता चालला हे लिहिलं, अकरा वेळा मारलं हेही लिहिलं. मला ढकललं, तो हात त्यामुळे तिथे होता, हे लिहिलं नाही. त्या पानाच्या आधारावर कंपनीनं कुसुमताईंना कमी केलं. चोविसाव्या वर्षी मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर झाले. आईनं शेजारी पेढे वाटले.

महिन्याभरानं एका सकाळी त्या काम सोपवायला आल्या. डाव्या हाताला बँडेज, पायात तेच बूट. पासवर्ड त्यांनी कधी कागदावर लिहून ठेवले नव्हते. एकेक सांगत गेल्या आणि मला बदलायला लावत गेल्या. "माझा पुस, तुझा घाल." सगळे झाल्यावर त्यांनी मला एक पूर्ण सर्व्हर टेपवरून परत आणायला लावला. दोन तास मागे उभ्या होत्या. मी चुकले नाही. चहा उंबऱ्यावर आला, तो तिथेच गार झाला.

निघताना त्या दाराशी थांबल्या. "मारलं ते लिहिलंस. ढकललं ते न्हाय लिहिलंस."

मी एक पाऊल पुढे आले. "कुसुमताई, मला..."

"खोटं न्हाय लिहिलंस. ठाव हाय मला." त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली. त्या मला मारतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मारावं असंही वाटलं. त्यांनी हात उचलला नाही. "आता खोली तुझी," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे माझं चांगलं झालं. त्या जागेमुळे मोठ्या कंपनीत गेले, तिथून त्याहून मोठ्या. मुलाखतींत हमखास विचारायचे, इतक्या कमी वयात इतकी जबाबदारी कशी काय मिळाली? मी म्हणायचे, "संधी मिळाली." कुसुमताई हडपसरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतात असं कळलं होतं. मी दोनदा त्या रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. केसचं म्हणाल तर भाऊ-बहीण दोघंही आपापल्या जबाबावरून फिरले आणि केसच टिकली नाही. मला कोर्टात कधी बोलावलंच नाही.

दहा-बारा वर्षांनी मी आणि नवऱ्यानं फ्लॅट घेतला. ऑफिसला जवळ पडेल म्हणून मांजरीत. नोंदणीच्या दिवशी सरकारी कचेरीत ही गर्दी. नवरा झेरॉक्सला गेला होता, मी टोकन घेऊन बाकावर बसले होते. आतल्या खोलीतून एक बाई एका माणसाला धरून बाहेर येत होती. माणसाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, एक पाय न वाकता पुढे टाकायचा. बाई त्याच्या उजव्या अंगाला चालत होती.

"हळू की, कुसे."

"हळूच चाललीय. तुला हितंच ठिवून जाऊ का?"

केस पांढरे झाले होते. खांदे तेच. मी उभी राहिले. त्यांनी एका नजरेत ओळखलं.

"अनघा न्हवं? काय घेतलंस?"

"फ्लॅट. मांजरीला." मी इमारतीचं नाव सांगितलं.

दत्ता हसला. "आमच्या बांधाला लागूनच की."

"आमचं आज गेलं," कुसुमताई म्हणाल्या. "सही केली मी. सोडून न्हाय, वाटा घेऊन. संपतएवढा, ह्याच्याएवढा."

मी त्यांच्याकडे आणि त्या माणसाकडे आळीपाळीनं पाहत होते. "तुम्ही... यांच्याबरोबर राहता?"

"ह्याची बायको म्हायेरी गेली ती गेली. आये ऱ्हायली न्हाय." त्यांनी भावाची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. "मोडला मी. चालवायचा बी मीच."

"रोज ऐकवती," दत्ता म्हणाला. पण काठी नसलेला हात त्यानं तिच्या खांद्यावरून काढला नाही.

"कुसुमताई, त्या दिवशी मी जे लिहिलं..." मी सुरुवात केली. इतक्या वर्षांत मनात शंभरदा म्हणून झालेलं वाक्य होतं. तेवढ्यात कारकुनानं नंबर पुकारला.

"तुझा का?" त्यांनी माझ्या हातातल्या टोकनाकडे पाहिलं. "जा मग."

"दोनच मिनिटं..."

"जा म्हणते ना. हितं नंबर गेला की परत पहिल्यापास्नं."

मी आत गेले. टेबलाशेजारी खिडकी होती, खाली रस्ता दिसत होता. कुसुमताईंनी रिक्षा थांबवली होती आणि दत्ताला आत बसवत होत्या. त्याचा ताठ पाय आत जाईना. वेळ लागत होता. मागे मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला, परत वाजवला. कुसुमताई वळल्या. नुसतं पाहिलं. त्यानं इंजिनच बंद केलं. मग त्यांनी सावकाश भावाचा पाय आत घेतला, काठी त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या आंधळ्या बाजूला जाऊन बसल्या.

"मॅडम, सही इथे करा," कारकून म्हणत होता. "कुठे बघताय?"